कट्ट्यावर उरलेली माणसं

परवा ऑफिसात डबा उघडला आणि शेजारच्या टेबलावरून हुरड्याचा वास आला. कुणीतरी घरून कागदात बांधून आणला होता, धुराचा वास लागलेला, अजून जरासा कोमट. सोबत शेंगाचटणी. मी सरळ हात पुढं केला. हुरड्याच्या बाबतीत मी मानपान बघत नाही.

नेमका त्याच दिवशी पुण्याहून एक पोरगा आला होता. आमची टॉवेलची कंपनी, आणि जाहिराती कुठं द्याव्यात हे सांगायला शेठनी त्याला बोलावलेलं. त्यानं भिंतीवर एक रंगीत गोल दाखवला. आपली ती जुनी साइट आहे ना, जिच्यावर एके काळी अख्खं सोलापूर होतं, तिच्यावर आता कोण कोण उरलंय त्याचा तो गोल. नाव सांगत नाही, उगीच कुणाला वाईट वाटायला नको. तरुणांची फोड लिंबाच्या फोडीएवढी. आणि पन्नाशीच्या पुढच्यांची, म्हणजे माझी, अर्ध्या भाकरीपेक्षा मोठी. तिला करडा रंग दिलेला. दुसरा रंगच सापडला नाही मेल्याला!

"मॅडम, ही साइट संपत आलीय," तो म्हणाला. "हिथं आता डेड ऑडियन्स आहे."

"मेलेलं म्हणजे कसं रे?" मी हुरडा चावत विचारलं.

तो गडबडला. म्हणजे तसं नाही, म्हणजे हे लोक काही घेत नाहीत, नुसते गुड मॉर्निंग करत बसतात, वगैरे वगैरे. शेठ हसले. मीही हसले. पण तोंडातला हुरडा गोड लागत होता आणि डोळ्यांपुढं दोन वर्षांपूर्वीची येळवस उभी राहिली. मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी झाडून सगळं घर शेतात जेवायला जातं. त्या साली मंद्रूपच्या रानात जे बघितलं, ते या पोराच्या गोलात कुठं बसवायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

मंद्रूपला माझी थोरली बहीण. आमच्या माहेरी कन्नड बोलायचे, त्यामुळं थोरली ती अक्काच. दाजी गेल्यावर ती रानातल्या वस्तीवर एकटी राहायला लागली, आणि मग दोनेक वर्षांत तिचे कान गेले. अगदी गेले. मशीन आणलं, तर ते घातलं की डोक्यात पंप सुरू झाल्यासारखं घुंघुं वाजतं म्हणून तिनं काढून डब्यात टाकलं. फोन केला की "हॅलो, हॅलो, कोण बोलतंय?" एवढंच. मग स्वतःला सांगायचं ते सांगून मोकळी व्हायची आणि ठेवून द्यायची.

महेश तिचा एकुलता एक. पुण्यात नोकरी करतो, गुणी पोर आहे. महिन्याआड यायचा, आईच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचा, "जेवलीस का? गोळी घेतलीस का?" अशा ओरडण्यात काय बोलणं होणार? दोन वाक्यांनंतर त्याचाही घसा बसायचा आणि तिचंही तोंड उतरायचं. मग दोघं गप्प बसून राहायची. त्या साली दिवाळीत त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "मावशी, मी तिला घेऊन जाणार. शेत वाट्यानं देतो. उद्या रानात पडली-बिडली तर कुणाला कळणारेय?" येळवसला यायचं, शेतात शेवटचं जेवायचं आणि आईला गाडीत घालून न्यायचं, असं त्यानं ठरवूनच टाकलं.

त्याचं चुकत होतं का? नव्हतं. पण अक्काला जायचं नव्हतं.

आता ती जुनी साइट. महेश कॉलेजात असताना त्यानंच अक्काला तिच्यावर आणलं. फोटो बघत बसेल, करमणूक होईल, एवढाच त्याचा हिशेब. पुढं तो, त्याचे मित्र, माझी लेक श्रेया, सगळी तरणी पोरं तिथून उठून दुसरीकडं कुठं कुठं गेली. कुठलीही जागा अशी एकदम रिकामी होत नाही. जत्रेतली गर्दी पांगते तशी हळूहळू होते, आणि मग ज्यांना कुठं जायचं नसतं ती माणसं जरा ऐसपैस बसतात. अक्का तशी बसली. सोलापूर आणि आसपासच्या माणसांचा तिथं एक गट होता, त्याला ती 'कट्टा' म्हणायची. सातवी शिकलेली बाई, पण कट्ट्यावर तिची बोटं अशी चालायची म्हणता! तिथं कान लागतच नव्हते. तिथं ती सगळ्यांत बडबडी होती. तिला ऐकू येत नाही हे तिथल्या एकाही माणसाला ठाऊक नव्हतं, आणि तिनंही ते कधी कळू दिलं नव्हतं.

कोण होते हे लोक? गोलवाल्या पोरा, ऐक. चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणारे. फोटो आडवा टाकून "सर्वांनी मान वाकडी करून बघावे" असं लिहिणारे. दुसऱ्याच्या फोटोखाली दोन शब्द लिहिले तरी खाली 'आपला नम्र' घालून सही करणारे. होटगीचे सर्वगोडकाका, रेल्वेतून रिटायर झालेले. उजाडायच्या आत त्यांचा 'जय भीम, शुभ सकाळ' आणि अंगणातल्या एका फुलाचा फोटो. सोलापूरच्या पूर्वभागातल्या पद्माताई, त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माग. त्या रोज दारातली रांगोळी टाकायच्या आणि मराठीत लिहिता लिहिता मध्येच तेलुगूत शिरायच्या. त्यांना कुणी अडवायचं नाही. साइट आपणहून आठवण करून द्यायची, आज अमक्याचा वाढदिवस. तो अमका जाऊन वर्ष झालेलं असायचं. साइटला काय कळतंय! पण या लोकांनी त्या दिवशी त्याच्या नावाखाली दोन ओळी लिहायचा रिवाजच पाडला होता. आमचे दाजीही एके काळी कट्ट्यावर होते; त्यांच्या वाढदिवसाला कुणीतरी लिहिलं, "पाटील, तुमच्या बांधावरच्या बोरी अजून गोड आहेत." अक्का ते वाचून दिवसभर हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. मला सांगा, मेलेलं मेलेलं म्हणता ते हेच का?

अक्का रोज सकाळी ज्वारीचा फोटो टाकायची. एकाच बांधावरून, एकाच बाजूचा. श्रेया चिडवायची, "मावशी, रोज तोच फोटो काय टाकतेस गं?" पण तो तोच नसायचा. कधी पानांवर दव, कधी धुकं, कधी पोटऱ्या फुटलेल्या. खाली अक्काची एक ओळ. "आज वारा लई हाय." "कणीस बाहेर पडलं." "पाखरं आली, गोफण काढली." आणि मग कट्ट्यावर त्या एका ओळीवर चर्चा. थंडी बरी हाय की यंदा. पाणी दिलं का. एवढ्यात चिकटा पडला नाही न्हवं? शहरात तिसऱ्या मजल्यावर राहणारी, गुडघ्यांनी खाली न उतरणारी माणसं त्या रानात रोज एक चक्कर मारून यायची. त्या थंडीत मीही ऑफिसात चहाबरोबर ती ज्वारी वाढताना बघितली. मालदांडी ज्वारीचं ताट असं उभं राहतं, आणि कणसात दूध भरायला लागलं की त्याचा रंग बदलतो, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मून मला पहिल्यांदा नीट दिसलं.

येळवसच्या थोडे दिवस आधीची गोष्ट. दुपारी ऑफिसात श्रेयाचा फोन आला, आवाज चढलेला. साइट सोडली तरी तिचं खातं अजून तिथं होतं, मावशीनं काही टाकलं की तिला कळायचं. "आई, मोठ्या मावशीनं काय करून ठेवलंय बघ! तुला लिहायचं ते तिनं सगळ्यांसमोर टाकलंय!"

मी उघडून बघितलं.

"शोभे, कुनाला सांगू नको. महेश येळवसला मला न्यायला येनार. कान गेले म्हनून एकटी ठेवनार न्हाई म्हनतो. तितं सगळी बोलत असतील आन मी भांड्यासारखी बसून राहनार. मला न्हाई जायाचं. त्याला तोंडावर सांगायचं धाडस होत न्हाई. लई रडू येतंय."

कुणाला सांगू नको, म्हणे! अख्ख्या कट्ट्याला सांगून बसली होती बया. हे आमच्याच वयाच्या माणसांना जमतं. चिठ्ठी लिहायची, घडी घालायची आणि ती पाकिटात न घालता नेमकी देवळाच्या फळ्यावर लावायची. तरुणांच्या हातून असलं होत नाही. त्यांचं मन मुळात असं एका दमात कागदावर उतरतच नाही.

आता करायचं काय? अक्काला फोन लावून उपयोग नाही. लिहून कळवावं, तर ती दिवसभर रानात पाखरं राखायला, फोन घरातल्या देवळीत. दिवेलागणीशिवाय ती तो हातात घेणार नाही. तोवर हे असंच सगळ्यांपुढं उघडं. उद्या कुणा नातेवाइकानं वाचून महेशला कळवलं, तर त्या पोराच्या मनाला काय वाटेल? आणि अक्का शरमेनं मुकाट्यानं गाडीत जाऊन बसेल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी परत परत उघडून बघत होते. कुणी काय लिहिलं? कुणीच काही लिहिलं नव्हतं. एक शब्द नाही, एक रडका चेहरा नाही. उलट पद्माताईंची रांगोळी आली. सकाळी एक टाकून झाली होती, ही दुसरी. मग कुणीतरी कडक भाकरी कशी थापावी ते टाकलं. सर्वगोडकाकांनी तीन फुलं टाकली, एकामागून एक. कुणी नातवाचं बारसं, कुणी सिद्धेश्वर तलावाचा जुना फोटो, कुणी गुडघ्याला लावायचं तेल. धो धो! संध्याकाळच्या आत त्या लोकांनी कट्टा नुसता भरून टाकला.

"बघ तुझे कट्ट्यावरचे!" श्रेया घरी आल्या आल्या म्हणाली. "बिचारी मावशी रडतेय आणि हे तेल विकतायत."

मलाही राग आला होता. तशीच पद्माताईंना खासगीत लिहिलं, "ताई, अक्काचं तुम्ही वाचलं नाही का?"

लगेच उत्तर आलं. "वाचलं की. म्हणून तर रांगोळी टाकली. कुणाच्या घरातलं रडणं बाहेर ऐकू आलं तर आपण दारात जाऊन उभं राहायचं असतंय व्हय? आपण आपलं काम मोठ्यानं करायचं. मागाचा आवाज वाढवायचा. तिच्या ओळींखाली कुणी काही लिहिलं की ते परत वर येतंय, म्हणून सगळ्यांना सांगितलं, कुणी हात लावू नका."

मी श्रेयाला फोन दिला. तिनं वाचलं. मग तिनं कट्टा उघडून खाली, खाली, आणखी खाली सरकवत नेला. रांगोळ्या, भाकऱ्या, फुलं, बारशी यांच्या पार तळाशी अक्काचं रडणं एकटं पडलं होतं, कुणाचं बोट न लागलेलं. "आई, हे लोक भारी आहेत गं," श्रेया म्हणाली.

भारी तर आहेतच. इतक्या माणसांनी एकाच वेळी न बघितल्यासारखं करायचं, ही काय सोपी गोष्ट आहे? तिथं पंचविशीची चार पोरं असती, तर फोटो काढून गावभर फिरवला असता, किंवा काळजीच्या भरात खाली ढीगभर लिहून ते थेट महेशपर्यंत पोचवलं असतं. साइट म्हातारी झाली होती म्हणून अक्काची मूठ झाकली राहिली.

दिवेलागणीला अक्कानं माझं लिहिलेलं वाचलं. तिनं कट्ट्यावरचं ते रडणं पुसून टाकलं. मला लिहिलं, "आता कट्ट्यावर तोंड कसं दाखवू? बहिरी हाय हे बी कळलं सगळ्यास्नी." दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी ज्वारी आली नाही. मग पद्माताईंनी लिहिलं, "मंद्रूपच्या ताई, कणसं भरली का?" त्याखाली सर्वगोडकाका, "वाट बघतोय." बाकी काही नाही. कानाचा विषय त्या दिवशी नाही, पुढं कधीच नाही. थोड्या वेळानं ज्वारी आली. "भरली. हुरड्याला आली."

आणि मग येळवस. सकाळीच आम्ही मंद्रूपला पोचलो. महेश, त्याची बायको, त्यांची छोटी. मी आणि श्रेया. अक्का पहाटेपासून चुलीपाशी. भज्जीचं, म्हणजे डाळी-पालेभाज्यांच्या मिसळीचं, भलंमोठं पातेलं, शेंगापोळ्यांची चवड, आंबिलाचं मडकं. कडब्याची खोप करून पूजा झाली. ताटांवर ऊन पडलेलं, पाखरांचा गलका चाललेला, आगटीत गोवऱ्या फुललेल्या. मी गरम कणसं तळहातावर चोळत होते आणि हात पोळत होते. एवढं सगळं असूनही माझी नजर सारखी दाराकडं जात होती, कारण तिथं अक्काची पिशवी भरून ठेवलेली होती. ती सगळ्यांना वाढत होती आणि महेशकडं बघत नव्हती. मी हळूच तिच्या दंडाला हात लावला, तर "सुम्नीर," म्हणाली, म्हणजे गप बस. माहेरचं कन्नड तिला रागातच आठवतं.

एवढ्यात बांधावरून एक स्कूटर धडपडत आली. वर मफलर बांधलेले एक म्हातारे गृहस्थ. उतरले ते धापा टाकतच. "बाई कुटं हायत? बऱ्या हायत न्हवं?"

महेश उठला. "आपण कोण?"

"मी होटगीचा, सर्वगोड. तुमच्या आईंच्या कट्ट्यावरचा. आज ज्वारी आली न्हाई की, म्हणून म्हटलं बघून यावं."

महेशला काहीच कळलं नाही. "ज्वारी?"

मी त्याला सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात अक्का बाहेर आली. मफलरमधला चेहरा तिनं ओळखला. कट्ट्यावर त्यांच्या नावाशेजारी रोज बघतेच की ती. "काका!" असं ती केवढ्यानं ओरडली! आणि मग तिच्या ध्यानात आलं, की आता हा माणूस बोलणार आणि आपल्याला ऐकू येणार नाही, आणि ती होती तिथंच थबकली. हात पदरात गुंडाळून उभी राहिली.

सर्वगोडकाका बोललेच नाहीत. खिशातून फोन काढला, बांधावर बसले आणि लिहायला लागले. मग अक्काकडं बघून नुसती मान हलवली, घराकडं बोट केलं. अक्कानं आत जाऊन फोन आणला. बघितलं आणि फिसकन हसली. तीही त्यांच्यासमोर बसली आणि एका बोटानं लिहायला लागली. असे ते दोघं समोरासमोर, मध्ये हातभर जागा, दोघांच्या माना खाली. एकदा हे हसायचे, एकदा ती. काय लिहीत होते देव जाणे. मध्येच अक्का इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि काका पाणी आणायला उठले.

महेश हातात अर्धी भाकरी घेऊन बघत राहिला. "मावशी," तो हळू आवाजात म्हणाला, "आई लिहिते?"

"लिहिते? अरे, तिथं तिला गप करायला माणूस ठेवावा लागेल."

"मला वाटायचं नुसते फोटो बघते."

"तूच तिला तिथं बसवलंस आणि तूच उठून गेलास," मी म्हणाले. बोलून गेले. त्याचं तोंड एवढंसं झालं, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. दाजी गेल्यापासून त्यानं आईचं हसू ऐकलं नव्हतं, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

काका हुरडा खाऊन, गूळ तोंडात टाकून, आल्या वाटेनं निघाले. जाताना महेशच्या पाठीवर थाप मारली, "तुमच्या मातोश्रींनी फोटो टाकला न्हाई तर कुणी ना कुणी येतंयच बघा. आज माझी स्कूटर चालू झाली म्हणून मी आलो." आणि गेले. स्कूटरचा आवाज लांब गेला तरी महेश बांधावरच उभा.

मग तो श्रेयाशेजारी जाऊन बसला. "माझा पासवर्ड आठवंना," म्हणाला. दोघांची डोकी फोनवर वाकली. बराच खटाटोप चालला होता, नवा पासवर्ड, मग कसला तरी नंबर. अक्का भांडी गोळा करत होती. तिचा फोन पदराखाली थरथरला. तिनं हात पुसले, फोन लांब धरला आणि वाचलं. मी तिच्या खांद्यावरून बघितलं, लाज कसली त्यात.

"आई, तुझ्याशी बोलायचं कसं तेच मला कळंना झालं होतं. ओरडून काय बोलणार? तू हां हां म्हणायचीस आणि मला कळायचं की तुला काहीच कळलं नाही. मला भीती वाटते गं. म्हणून न्यायला आलो."

अक्कानं ते दोनदा वाचलं. मग खाली बसली आणि एकेक अक्षर शोधत लिहू लागली. महेश समोरच होता, चार पावलांवर. उठून तिच्या फोनमध्ये बघू शकला असता, पण बसून राहिला. शेवटी त्याचा फोन वाजला.

"आता बोलतोस की. मग कशाला नेतोस?"